पंचनाम्यापासून सीए रिपोर्टपर्यंत: गुन्ह्याच्या तपासातलं न्यायसहायक विज्ञान, पहिल्यापासून

दिल्लीच्या छावला प्रकरणात फेब्रुवारी २०१२ मध्ये एका तरुणीचं अपहरण, अत्याचार आणि खून झाला. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला जप्त झाले आणि प्रयोगशाळेकडे २७ फेब्रुवारीला गेले. मधल्या दिवसांत ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात होते. डीएनए अहवाल आरोपींच्या विरोधात होता, खालच्या न्यायालयांनी फाशीही दिली होती. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. सोडण्याची कारणं अनेक होती, पण त्यातलं एक ठळक होतं. मधल्या काळात नमुन्यांना कोणी हात लावला नाही, हे सरकार पक्षाला खात्रीने दाखवता आलं नाही.

न्यायसहायक विज्ञान शिकायला सुरुवात करणाऱ्याने हे प्रकरण आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं. सूक्ष्मदर्शक, डीएनए, नार्को हे सगळं नंतर. प्रयोगशाळा तिच्यापर्यंत पोहोचलेल्या वस्तूबद्दलच बोलू शकते. ती वस्तू कुठून उचलली, कशात बांधली, कोणाच्या ताब्यात होती, हे ठरवणारी माणसं प्रयोगशाळेच्या बाहेर असतात. नव्याने रुजू झालेले उपनिरीक्षक आणि अंमलदार, कायद्याचे विद्यार्थी, गुन्हेवार्ता करू लागलेले पत्रकार, आणि कधीतरी पंच म्हणून सही करायची वेळ येईल असा कुठलाही नागरिक, या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

या शास्त्राच्या मुळाशी असलेलं तत्त्व सोपं आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात १९१० मध्ये पोलिसांची प्रयोगशाळा उभी करणारे एडमंड लोकार यांनी ते मांडलं: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचं काही ना काही राहतं. चोराच्या चपलेला अंगणातली माती लागते आणि अंगणात चपलेचा ठसा राहतो. हाच नियम पोलिसांना, नातेवाइकांना आणि खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांनाही लागू होतो, म्हणून पहिली पायरी जागा बंद करण्याची.

पायरी १: जागा जशी आहे तशी राखा

सगळ्यात आधी जीव. जखमी माणसात धुगधुगी असेल तर त्याला दवाखान्यात हलवायचं, पुरावा बिघडला तरी चालेल. त्यानंतर मात्र जागा ताबडतोब बंद करायची. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. गावात किंवा चाळीत काही घडलं की दहा मिनिटांत पन्नास माणसं जमतात. कोणी मृतदेहावर घरातली चादर टाकतं, कोणी रक्त पुसतं, कोणी लटकलेल्या माणसाला खाली घेऊन गळ्यातली दोरी सोडतं. हेतू चांगलाच असतो, पण चादरीचे धागे आणि त्या घरातले केस मृतदेहावर येतात, आणि पुसलेलं रक्त कसं उडालं होतं ते मग कधीच कळत नाही.

पहिल्या पोहोचलेल्या अंमलदाराने दोरी बांधून घेर आखावा, तोही दिसणाऱ्या जागेपेक्षा मोठा, कारण पळून जाण्याची वाट आणि फेकलेली वस्तू बहुतेक वेळा बाहेर असते. आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट ठरवावी. कोण आत गेलं, किती वाजता, कशासाठी, हे एका कागदावर लिहीत जावं. घरातला नळ, संडास, फोन, पंखा वापरू नये. तंबाखू खाऊन थुंकू नये. या एका सवयीने घटनास्थळावर अनोळखी माणसाचा डीएनए तयार होतो. पंखा चालू होता का, दिवा लागलेला होता का, कडी आतून होती का, हे काहीही हलवण्याआधी टिपून ठेवावं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आणि त्या कामाचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. हे पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. तज्ज्ञ येईपर्यंत जागा टिकवणं मात्र ठाण्याच्याच माणसांच्या हातात असतं.

पायरी २: पाहा, टिपा, मग हात लावा

फोटो तीन अंतरांवरून घ्यायचे: लांबून पूर्ण जागा, मध्यम अंतरावरून वस्तू आणि तिच्या आसपासचं, मग अगदी जवळून. जवळचा फोटो दोनदा घ्यायचा, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून. सोबत हाताने काढलेला नकाशा हवाच, कारण फोटोत अंतर कळत नाही. प्रत्येक वस्तूचं अंतर न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून मोजावं, उदाहरणार्थ भिंतीचा कोपरा आणि दाराची चौकट. पलंगापासून मोजलं आणि उद्या पलंग हलला, तर मोजमाप वाया जातं.

घटनास्थळ पंचनाम्यात जे दिसलं तेच लिहायचं, त्याचा अर्थ लिहायचा नाही. ‘रक्ताचा डाग’ असं न लिहिता ‘रक्तासारखा दिसणारा, लालसर तपकिरी, सुमारे चार सेंटिमीटरचा, अर्धवट वाळलेला डाग’ असं लिहावं. तो डाग रक्ताचा आहे की नाही, हे प्रयोगशाळा सांगेल. पंचनाम्यात आपणच ते ठरवून टाकलं आणि तो पानाचा डाग निघाला, तर उलटतपासणीत पूर्ण पंचनामाच संशयास्पद ठरतो.

झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण आता याच संहितेच्या कलम १०५ खाली करावं लागतं. चित्रीकरण आलं म्हणून पंचांचं महत्त्व कमी झालेलं नाही. तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर घाबरू नका, पण कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. वस्तू स्वतः पाहा, ती कुठे होती ते लक्षात ठेवा, पाकीट तुमच्यासमोर बंद होऊ द्या आणि मजकूर वाचून मगच सही करा. काही वर्षांनी साक्षीला बोलावणं येईल तेव्हा तुमच्याजवळ ती आठवण आणि ती सही एवढंच असेल.

पायरी ३: बोटांचे ठसे

जगातल्या अगदी पहिल्या अंगुलीमुद्रा केंद्रांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, पण ती उभी करण्यात अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. शिकणाऱ्यांनी ही दोन नावं विसरू नयेत.

काच, स्टील, रंगवलेलं लाकूड अशा गुळगुळीत पृष्ठभागावरचे ठसे भुकटीने उठवतात. कागदावर भुकटी फारशी उपयोगी नाही. तिथे निनहायड्रिन वापरतात, घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळे ठसे उमटतात. प्लास्टिकच्या वस्तूंना बंद पेटीत सुपर ग्लूच्या वाफा देतात. नवख्यांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रुमालाने उचललेली वस्तू सुरक्षित राहते असं नाही. रुमाल ठसा पुसतो. हातमोजे घालून, जिथे कोणी सहसा पकडत नाही अशा कडेने वस्तू उचलायची.

एकाच वस्तूवरून डीएनए आणि ठसे दोन्ही हवे असतील, तर क्रम आधी ठरवा. सुटे केस आणि धागे पहिल्यांदा, कारण ते वाऱ्याने उडतात. मग तज्ज्ञाशी बोलून डीएनएसाठीचा स्वॅब, नंतर भुकटी. एकाच ब्रशने दहा वस्तूंवर भुकटी फिरवली, तर एका वस्तूवरचा डीएनए दुसरीवर जाऊ शकतो.

संशयिताचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

पायरी ४: कोणती वस्तू कशात बांधायची

इथे सावकाश वाचा. सगळ्यात जास्त पुरावा इथेच वाया जातो, आणि तो वाचवायला महागडं यंत्र लागत नाही.

ओला रक्ताळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कधीही भरू नका. आत ओल राहते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटतो. कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर, वाऱ्याशिवाय वाळवा. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, हीटरसमोर नाही. मग डागावर डाग येणार नाही अशी मध्ये कागद घालून घडी करा आणि खाकी कागदी पाकिटात ठेवा. आरोपीचे आणि पीडिताचे कपडे एका खोलीत, एका टेबलावर वाळवू नका. फरशीवर वाळलेला डाग असेल तर शुद्ध पाण्याने किंचित ओला केलेला कापसाचा स्वॅब वापरा, आणि शेजारच्या स्वच्छ फरशीचाही वेगळा स्वॅब घ्या. तुलनेसाठीचा हा कोरा नमुना घ्यायचा राहून जातो, आणि मग प्रयोगशाळेला डागातलं काय आणि फरशीचं काय हे वेगळं काढता येत नाही.

केस उचलताना तो मुळासकट आहे का ते पाहा. पेशीकेंद्रातला डीएनए प्रामुख्याने मुळाशी असतो. नुसत्या केसाच्या दांड्यातून सहसा मायटोकाँड्रियल डीएनए मिळतो. तो फक्त आईकडून येतो, म्हणजे सख्ख्या भावंडांत फरक करू शकत नाही.

जळालेल्या जागेचा नियम मात्र उलटा. पेट्रोल, रॉकेलचा वास येणारी राख, कापड किंवा लाकूड कागदात बांधलं तर वाफ उडून जाते आणि प्रयोगशाळेत पोहोचतं ते नुसतं जळकं लाकूड. त्यासाठी हवाबंद पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी लागते, आणि ती काठोकाठ भरायची नाही.

गळफासात गाठ सोडू नका. गाठ कशी मारली आहे हाच पुरावा असतो. फास गाठीपासून दूर कापा आणि कापलेली टोकं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधा, म्हणजे कुठलं टोक तुम्ही कापलं आणि कुठलं आधीच होतं ते कळेल.

गोळीबारात हातावर उडालेले शिसे, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण जिवंत माणसाच्या हातावर थोडेच तास टिकतात. हात धुतले की बहुतेक जातात, बोटांचे ठसे घेताना शाई लावली तरी जातात. म्हणून संशयिताच्या हातांचे नमुने सगळ्यात आधी. मृताच्या दोन्ही हातांना कागदी पिशव्या बांधून मगच त्याला शवागारात न्या.

विषबाधेबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. महाराष्ट्रात शेतीची कीटकनाशकं हे विषबाधेचं मोठं कारण आहे, आणि अकस्मात मृत्यूच्या नोंदीतून खून निसटू नये याचा भार बऱ्याचदा व्हिसेरावर, म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांवर असतो. शवविच्छेदनात जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडं, प्लीहा यांचे तुकडे आणि रक्त राखून ठेवतात. अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, आणि त्या द्रावणाचाही वेगळा नमुना सोबत जातो, म्हणजे द्रावणातच काही नव्हतं हे दाखवता येतं. विषाच्या तपासणीसाठीचे अवयव फॉर्मेलिनमध्ये घालू नयेत. फॉर्मेलिन हे पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी असतं. रुग्ण दवाखान्यात जिवंत पोहोचला असेल तर पोट धुतलं जातं. ते पाणी फेकून देऊ नका असं पोलिसांनी डॉक्टरांना लगेच सांगावं, कारण विष सगळ्यात जास्त प्रमाणात तिथेच सापडू शकतं.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये, कुपीत सोडियम फ्लोराइड (रक्त टिकवणारं रसायन) असावं आणि झाकण घट्ट असावं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इतक्या कमी प्रमाणावर खटला उभा असताना स्पिरिटचा बोळा बचाव पक्षाच्या हाती आयता मुद्दा देतो.

मोबाइल चालू असेल तर बंद करू नका, बंद असेल तर चालू करू नका. चालू फोनला फ्लाइट मोडवर टाका किंवा सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा, नाहीतर दूरवरून त्यातला मजकूर पुसता येतो. कुतूहलापोटी गॅलरी उघडून पाहू नका. अशा हाताळणीने फोनमधल्या नोंदी बदलू शकतात. सीसीटीव्हीच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे डीव्हीआरवरची (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रावरची) वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहिणं. दुसरं काम घाई करणं, कारण जुनं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीला प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं: मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्राशिवाय प्रत ग्राह्य नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे तपासता येणारा तिचा अंकाक्षरी संकेत) द्यावं लागतं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर

हे पोलिसांपेक्षा घरच्यांसाठी जास्त लिहितो आहे. आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, बदलावे लागलेच तर कागदी पिशवीत ठेवावेत, आणि शक्य तितक्या लवकर दवाखान्यात जावं. पण हे सगळं आधीच झालेलं असेल, तरी जायचंच. उशीर झाला म्हणून सगळे पुरावे संपत नाहीत आणि उपचार तर कधीही मिळायला हवेत. संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांनी पीडितेवर मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. तपासणीला संमती लागते आणि ती नाकारण्याचा हक्क आहे. ‘टू फिंगर टेस्ट’ला (योनीत बोटं घालून केल्या जाणाऱ्या तपासणीला) काहीही शास्त्रीय आधार नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध कठोर शब्दांत लिहिलं आहे. कोणी ती करू पाहिली तर स्पष्ट नकार द्या.

पायरी ५: सील आणि ताब्याची साखळी

प्रत्येक पाकिटावर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, वस्तूचं वर्णन, जागा, तारीख, वेळ, पंचांच्या आणि तपासी अंमलदाराच्या सह्या. त्यावर लाखेचं सील, आणि त्याच सीलचा नमुना वेगळ्या कागदावर प्रयोगशाळेकडे. मग मुद्देमाल कारकुनाची नोंदवही: कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, कोणत्या शिपायाने नेलं, प्रयोगशाळेने कधी स्वीकारलं. यातली प्रत्येक व्यक्ती उद्याची साक्षीदार आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या एका बालिकेवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यातही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुने पाठवण्यातल्या विलंबाचं स्पष्टीकरण नसल्याचा मुद्दा धरला आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला. असे निकाल वाचून न्यायालयावर राग काढणं सोपं आहे. माझं मत वेगळं आहे. त्या मुलीला न्याय मिळण्याची शक्यता नोंदवहीतल्या मोकळ्या रकान्यांत हरवली, आणि खरा गुन्हेगार कोण हे त्यामुळे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभराला सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचावा, न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू किंवा पुन्हा सील करू नये, आणि ताब्याच्या साखळीची नोंदवही खटल्याच्या निकालापर्यंत जपावी. नव्या अंमलदाराने या सूचना छापून मुद्देमाल कक्षात लावाव्यात.

पायरी ६: प्रयोगशाळेत

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्य ठिकाण मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. ठाण्यात अजूनही सगळे ‘सीएला पाठवलं’, ‘सीए रिपोर्ट आला’ असंच म्हणतात. सीए म्हणजे रासायनिक विश्लेषक.

पाठवताना सोबतच्या पत्रात नेमका प्रश्न विचारा. ‘तपासून अहवाल द्यावा’ हा प्रश्न नाही. ‘चाकूच्या पात्यावरचं रक्त मानवी आहे का, असल्यास ते मृताच्या रक्तनमुन्याशी जुळतं का’ हा प्रश्न आहे. तपासणी टप्प्याटप्प्याने होते. आधी केसल-मेयरसारखी प्राथमिक चाचणी, ज्यात गुलाबी रंग येतो. हा रंग काही वनस्पतींच्या रसाने किंवा ब्लीचनेही येऊ शकतो, म्हणून पुढे खातरजमेची चाचणी, मग रक्त माणसाचं की प्राण्याचं, आणि शेवटी डीएनए.

डीएनए ओळखीची पद्धत अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर इथे सापडली. भारतात तिचा पाया हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी घातला. जेफ्रीज यांची पद्धत खुनाच्या तपासात पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा तिने आधी एका तरुणाला सोडवलं. त्याने एका खुनाची कबुली दिली होती, पण डीएनए त्याचा नव्हता. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. कबुलीवर विसंबून राहण्याची सवय आपल्या तपासांत खोलवर रुजलेली आहे, म्हणून हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पायरी ७: अहवाल वाचताना

अहवाल हाती आला की आधी शेवटचा निष्कर्ष वाचू नका. सील शाबूत मिळाल्याची नोंद, पाकिटांचे क्रमांक आणि तारखा पंचनाम्याशी ताडून पाहा. मग निष्कर्ष. ‘जुळतं’, ‘जुळत नाही’ आणि ‘निष्कर्ष काढता आला नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तिसऱ्याचा अर्थ आरोपी निर्दोष असा नाही आणि दोषी असाही नाही. नमुना कमी होता किंवा खराब झाला होता, एवढाच. डीएनए जुळला म्हणजे त्या माणसाच्या शरीरातलं काहीतरी त्या वस्तूवर होतं. ते तिथे केव्हा आणि कसं आलं, हे अहवाल सांगत नाही. तो रोज त्या घरात येणारा शेजारी असेल, तर दाराच्या कडीवरचा त्याचा ठसा जवळपास काहीच सिद्ध करत नाही.

संहितेच्या कलम ३२९ मुळे ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, पण न्यायालय त्यांना बोलावू शकतं, आणि वकिलाने तशी मागणी करायला कचरू नये. प्रत्यक्षदर्शी नसलेल्या खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी. त्याच्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात घालून दिल्या, आणि त्या आजही रोज उद्धृत होतात.

नार्को (औषधाच्या गुंगीत केलेली चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) यांबद्दल बातम्या भरपूर येतात. २०१० च्या ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक’ निकालानुसार यातली कोणतीही चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही. संमतीने केली तरी तिचे निष्कर्ष स्वतःच पुरावा म्हणून दाखल होत नाहीत. त्यातून मिळालेल्या माहितीने एखादी वस्तू पुढे सापडली, तर तेवढ्या शोधाचा उपयोग होऊ शकतो. ती वस्तू सापडली, की पुन्हा दोन पंच, पंचनामा, कागदी पाकीट, लाखेचं सील आणि मुद्देमाल नोंदवहीतली नवी ओळ.